आणि इतर

हॉस्पिटलमध्ये एकाच आडनावाच्या दोन डॉक्टर होत्या, त्यामुळे आतला फोन निम्म्या वेळा चुकीच्या डॉक्टरला जोडला जायचा. तळघरातल्या लॅबमध्ये फोन वाजायचा आणि पलीकडून कुणीतरी विचारायचं, बाळ दूध ओकतंय, काय करू? वर मुलांच्या वॉर्डात वाजायचा आणि कुणीतरी खेकसायचं, रिपोर्ट अजून का नाही आले? शेवटी सगळ्यांनी मिळून तोडगा काढला. लॅबवाल्या त्या थोरल्या मॅडम आणि वॉर्डवाल्या त्या धाकट्या मॅडम. यात कुणाला फारसं डोकं चालवावं लागलं नाही, कारण दोघी सख्ख्या जावा होत्या.

थोरली म्हणजे शिस्तीचं काम. तिच्या टेबलावर मायक्रोस्कोप, टोक केलेल्या पेन्सिली आणि चष्म्याचं फडकं यांच्या जागा ठरलेल्या. फडकं वीतभर सरकलं तरी तिला आत शिरताच कळायचं. काचपट्टीवर तिला न दिसलेली पेशी अजून जन्माला यायची आहे, असं तिचे सहकारी म्हणायचे. ते कौतुकानं म्हणायचे की वैतागून, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर होतं. पण एवढ्या करड्या बाईची स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. गाडीत कुठं बसणार? कुठेही चालेल. चहा घेणार की कॉफी? काहीही चालेल. पेपरमध्ये नाव कितवं घालू? कितवंही चालेल.

या शेवटच्या 'चालेल'नं तिचा घात केला होता. हॉस्पिटलातून मेडिकल जर्नलकडे जाणाऱ्या निम्म्या शोधनिबंधांना तिचे डोळे लागलेले. सर्जन, हाडांचे डॉक्टर, कातडीचे डॉक्टर, सगळे पेट्या भरभरून काचपट्ट्या आणून द्यायचे, ती मान मोडेपर्यंत पाहायची, आणि छापून आलं की तिचं नाव तिसरं, चौथं, नाहीतर त्याच्याही मागं. पुढे दुसऱ्या कुणी त्या पेपरचा उल्लेख केला की पहिल्या लेखकाचं आडनाव यायचं आणि त्यापुढे 'आणि इतर'. डॉक्टरी लिखाणात तशी रीतच आहे. थोरली घरी आल्यावर हसत सांगायची, "आज पुन्हा एका पेपरात मी भेटले. 'इतर' म्हणून." ती इतक्या वेळा हसत सांगायची, की तिला खरंच हसू येतं असं घरच्यांनी धरूनच टाकलं होतं. निवृत्ती दिसायला लागली होती आणि पहिलं नाव काही लागलं नव्हतं. याचं तिला मनापासून वाईट वाटायचं, आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

धाकटीचा सगळाच कारभार वेगळा. तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात स्टेथोस्कोपपेक्षा रबरी खेळणी जास्त. एक पोर कडेवर, दुसरं कोटाला लटकलेलं, आणि तोंडाचा पट्टा चालू. तिला जे हवं असेल ते ती सरळ मागायची आणि बहुतेक वेळा तिला ते मिळायचं. थोरलीला याचा राग यायचा, आणि थोडा हेवाही वाटायचा.

त्यांचा पेपर निघाला तो भांडणातून. मुलांच्या वॉर्डातून लॅबमध्ये येणारं रक्त सारखं गोठलेलं यायचं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, पण ते मिसळायला नळी लगेच हलक्या हातानं उलटसुलट करावी लागते. वॉर्डात नेमकं व्हायचं काय, तर सुई टोचली की पोरगं भोकाड पसरायचं, सिस्टर नळी ट्रेमध्ये ठेवून आधी त्याला शांत करायची, आणि नळी बिचारी पडून राहायची. मग लॅबचा फोन: गुठळी झालीय, पुन्हा पाठवा. म्हणजे त्या पोराला पुन्हा सुई. हे भांडण हॉस्पिटलात संपायचं नाही. ते दोघींबरोबर गाडीतून घरी यायचं आणि जेवायला बसायचं.

"तुमच्या वॉर्डात नळी हलवायला कुणाला हात नाहीत का गं?" थोरली विचारायची.

"हात दोनच असतात, ताई, आणि दोन्हींत पोर असतं," धाकटी म्हणायची.

दोघींचे नवरे, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारे दोघे भाऊ, अशा वेळी आपापले चष्मे काढून पुसायला घ्यायचे. चष्मा काढला की समोरचं भांडण जरा धूसर दिसतं, असा त्यांचा अनुभव होता. सासूबाई मात्र कान देऊन ऐकायच्या. त्यांनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. दोन माणसं बोलत असताना मध्ये पडायचं नाही, पण लाइन तुटू द्यायची नाही, हा तिथला नियम त्या घरातही पाळायच्या.

असंच एकदा भांडता भांडता कुणीतरी म्हणालं, की मग नळी त्या पोराच्या आईच्याच हातात द्यावी. कोण म्हणालं, हे लक्षात ठेवावंसं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी करून बघितलं. झाकण घट्ट बसवून, पुसून, नळी आईच्या हातात दिली आणि सांगितलं, बाळाला डोलवता ना, तशी हिला डोलवा. नुसती घाबरून बघत बसलेल्या आईला काहीतरी करायला मिळालं. रडणारं पोर रडता रडता त्या वरखाली होणाऱ्या नळीकडे बघत राहिलं. आणि खाली लॅबमध्ये रक्त पोचलं ते चांगलं वाहतं. थोरलीनं नळी उजेडात धरून पाहिली आणि आपणहून वॉर्डात फोन लावला. "बरं आलंय," एवढंच ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे सत्कारच होता.

मग रीतसर अभ्यास झाला. हॉस्पिटलच्या कमिटीची परवानगी आली. धाकटी वॉर्डात एकेका आईला, बापाला, आजीला समजावत फिरली. थोरलीनं एकूण एक नळी स्वतः तपासून नोंद केली. आणि आकड्यांचं गणित मांडायला तिसरे आले ते हॉस्पिटलचे आकडेतज्ज्ञ. त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणायचे, कारण चहा कसा झालाय असं विचारलं तरी ते "सत्तर टक्के" म्हणून सांगायचे.

आता जर्नलला पाठवायचा पेपर तयार करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. गोषवारा ठरलेल्या शब्दांत बसवा. तक्ते वेगळ्या फाइलीत, चित्रं वेगळ्या फाइलीत. संदर्भांत स्वल्पविराम कुठं आणि पूर्णविराम कुठं, याचे नियम लग्नाच्या याद्यांपेक्षा कडक. धाकटीला प्रत्येक आईचा किस्सा पेपरात घालायचा होता. थोरली पेन्सिल घेऊन बसायची आणि किस्से उडवायची.

"अहो ताई, ती नळीला गाणं म्हणून दाखवणारी आजी तरी राहू द्या."

"आजीला 'पालक' म्हण. गाणं काढून टाक."

या सगळ्या गडबडीत दोघी छान रमल्या होत्या. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता निष्कर्ष ठरायचे आणि गाडीतून जाताना शीर्षक बदलायचं. एकच जागा रिकामी होती. पहिल्या पानावर, लेखकांच्या नावांपुढे थोरलीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'नंतर बघू'.

ते 'नंतर' एका रात्री जेवताना उगवलं. "माझं नाव पहिलं घालू ना?" धाकटी भात वाढून घेता घेता सहज म्हणाली. "पुढच्या शिक्षणाचा अर्ज करायचाय. त्यात पहिल्या नावाचा एक पेपर मागतात."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही. 'चालेल' येणार हे ठरलेलंच होतं. पण ते आलं नाही.

"कल्पना कुणाची होती?" थोरलीनं विचारलं.

धाकटीचा हात थांबला. "माझी. मीच नाही का म्हणाले, आईच्या हातात द्या?"

"मी म्हणाले. तू तेव्हा कोशिंबीर मागत होतीस."

"ताई, कमाल करता. वॉर्डात पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरले ती मी. खाली बसून नळ्या मोजणं म्हणजे पेपर नाही."

"आणि पोरं कडेवर घेऊन हिंडणं म्हणजे संशोधन नाही."

दोन्ही भावांनी चष्मे काढले. त्या रात्री थोरली ताटावरून उठली आणि मग दोघींचं बोलणंच बंद झालं. गाडीत एक पुढे, एक मागे. सकाळी सासूबाई मधल्या दारात उभ्या राहून जुन्या नोकरीवर हजर व्हायच्या. "धाकटी विचारतेय, गाडीची किल्ली कुठाय. लाइनीवर थांब गं, थोरली सांगतेय." किल्ली समोरच खुंटीवर असायची, पण दोघींतलं कुणीही सासूबाईंची लाइन तोडत नसे.

थोरलीचा राग टिकाऊ नव्हता, हे एक तिचं बरं होतं. एका दुपारी वॉर्डातून नळी आली. तिनं ती सवयीनं उजेडात धरली, रक्त झुळझुळीत होतं. नळीच्या अंगावर ओल्या बोटांचे ठसे होते; कुणा आईनं घामाघूम हातांनी ती डोलवली असणार. त्या आईला धीर देत शेजारी कोण उभं राहिलं असेल, हे थोरलीला न बघताही दिसलं. आपण जे बोललो ते फार वाईट बोललो, असं तिला वाटलं. पोरगी शिकायला निघालीय, आपण निवृत्त व्हायला. तिनं हात धुतले, खुर्ची ओढली, 'नंतर बघू' खोडलं आणि पहिल्या नावाच्या जागी धाकटीचं नाव घातलं. स्वतःचं दुसरं. टक्केसाहेबांचं तिसरं. मग जर्नलच्या वेबसाइटवर एकेक फाइल चढवली आणि डोळे मिटून बटण दाबलं. छातीत जरा दुखल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. थोड्या वेळानं जर्नलची मेल आली, की तुमचं नाव लेखक म्हणून असलेला पेपर मिळाला, मान्य असल्यास खूण करा. तिनं खूण केली.

त्या दिवशी गाडीत दोघी शेजारी शेजारी बसल्या. थोरलीनं धाकटीला खिडकीची जागा दिली. धाकटीनं थोरलीला घरी गेल्यावर चहा करून दिला, आणि त्यात साखर बरोबर होती. दोघी एकमेकींशी इतक्या गोड वागायला लागल्या की सासूबाईंना संशय आला. "लाइन फारच क्लिअर आहे," त्या आपल्या दोन्ही मुलांना म्हणाल्या. "कुठंतरी वायरी एकमेकांत गेल्यात."

आणि मग संपादकांची मेल आली. थोरलीनं ती लॅबमध्ये उघडली. एकच पेपर आमच्याकडे दोनदा आला आहे, दोन वेगळ्या खात्यांवरून, असं संपादकांनी लिहिलं होतं. मजकूर तंतोतंत तोच, फक्त लेखकांचा क्रम वेगळा. कुणीतरी सहलेखकांना अंधारात ठेवून पेपर पाठवल्याचा दाट संशय येतो. दोन्ही प्रती थांबवल्या आहेत. समाधानकारक खुलासा आला नाही तर दोन्ही नाकारल्या जातील आणि तुमच्या हॉस्पिटलला कळवलं जाईल.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिनं आपल्या पाठीमागं स्वतःचं नाव पहिलं घालून आणि आपल्याला तिसरं ढकलून पाठवलं तर. त्या चहातली साखर ही होती तर. आपण इकडे मन मोठं करत बसलो आणि ही बया. मेलला दुसरी प्रत जोडलेली होती. पुरावा हातात घेऊनच वर जावं म्हणून तिनं ती उघडली.

पहिलं नाव तिचं होतं.

तिनं पुन्हा वाचलं. चष्मा काढून, फडक्यानं पुसून, पुन्हा वाचलं. आपलं नाव पहिल्या जागेवर कसं दिसतं, हे तिनं आयुष्यात प्रथमच पाहिलं. खाली दुसरं नाव धाकटीचं. सोबत संपादकांना लिहिलेलं पत्रही होतं. त्यात धाकटीनं लिहिलं होतं, की नळी आईच्या हाती देण्याची कल्पना पहिल्या लेखिकेची आहे आणि तिच्या नजरेशिवाय हा अभ्यास उभा राहिला नसता. थोरलीनं स्वतःच्या पत्रात नेमकं हेच धाकटीबद्दल लिहिलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

ती लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर निघाली. मधल्या वळणावर धाकटी खाली येताना भेटली. हातात मोबाइल, चेहरा रडवेला.

"ताई, हे काय केलंत?"

"तू काय केलंस?"

"माझी मेली जीभ. दोन दिवस झोप नव्हती. मला वाटलं, पाठवूनच टाकावं, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही."

"मलाही तेच वाटलं गं."

जिन्यावरून जाणाऱ्या वॉर्डबॉयनं बघितलं, तर दोन मोठ्या डॉक्टर कठड्याला टेकून आधी रडत आणि मग पोट धरून हसत होत्या. पण हसून भागणार नव्हतं. चोरीचा आळ होता, आणि पेपर तर हातचा जायची वेळ आली होती.

टक्केसाहेबांना गाठलं. "तुम्हालाही मेल आल्या असतील ना? क्रम बघितला नाहीत?"

"दोन आल्या," ते शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, एकच चुकून दोनदा आली. दोन्हींवर खूण केली. माझं नाव दोन्हीकडे तिसरंच होतं. माझ्या दृष्टीनं काहीच बिघडलं नव्हतं."

खुलासा लिहायला सगळे घरच्या टेबलाभोवती बसले. धाकटीनं सुरुवात केली, 'तांत्रिक कारणांमुळे'. सासूबाईंनी तिला तिथंच थांबवलं. "जे झालं ते सरळ सांगा. भांडलो, मग दोघींनाही वाईट वाटलं, दोघींनी दुसरीचं नाव पुढं केलं. लाजायचं काय त्यात?" तसंच लिहिलं. दोघींची पत्रं सोबत जोडली, तिघांनी सह्या केल्या आणि पाठवलं. उत्तर येईपर्यंत थोरलीच्या टेबलावरचं फडकं रोज वेगळ्या जागी सापडत होतं.

उत्तर आलं ते चार ओळींचं. पहिलं नाव मिळावं म्हणून भांडणारे लेखक आम्ही नेहमीच बघतो, संपादकांनी लिहिलं होतं. दुसऱ्याला पहिलं नाव द्यायला म्हणून नियम मोडणारे आम्हाला तरी पहिल्यांदाच भेटले. एक प्रत रद्द केली आहे. दुसरी परीक्षकांकडे पाठवू, पण आधी नावांचा क्रम ठरवून कळवा. या वेळी कृपया एकमेकींना विचारून.

जिवात जीव आला आणि लगेच पुन्हा भांडण जुंपलं, फक्त उलट्या बाजूनं.

"तुझंच पहिलं. तुझा अर्ज आहे."

"नाही, तुमचंच."

"मला कितवंही चालेल."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. भावांनी चष्म्यांकडे नेलेले हात खाली घेतले. सासूबाई थोरलीकडे वळल्या. "द्यायचं कुणाला ते मागाहून बघू. तुला हवंय का, तेवढं सांग."

थोरलीची जीभ टाळ्याला चिकटली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं, आता 'चालेल' म्हटलं तर ते जन्मभराचं होईल.

"हवंय," ती म्हणाली. "खूप वर्षांपासून हवंय."

मग धाकटी म्हणाली, "मग हसत का होतात हो दर वेळी? आम्हाला वाटायचं, तुम्हाला काही फरकच पडत नाही." तिचा आवाज जड झाला होता. नाक पुसून ती पुढे म्हणाली, "मलाही हवंय. पण माझा अर्ज पुढच्या वर्षीही करता येतो, आणि हे सगळं झालं की मोठ्यांच्या वॉर्डातही हेच चालतं का, ते बघायचंच आहे. तो पेपर माझा. तिथं किस्सेही मीच ठरवणार."

"किस्से नाही," थोरली म्हणाली, आणि गाडी रुळावर आली.

परीक्षकांनी नेहमीप्रमाणे खोड्या काढल्या. एकानं विचारलं, आईनं नळी घ्यायला नकार दिला तर काय करता. दुसऱ्यानं चर्चेचा भाग निम्मा करा म्हणून सांगितलं आणि आणखी तीन मुद्दे घालायला लावले. सगळं पार पडलं, पेपर छापून आला. थोरलीनं त्याची एक प्रत लॅबमध्ये टेबलाच्या काचेखाली सरकवली, पेन्सिलींच्या बरोबर शेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत नव्हती. पण त्यावर कुणी कागद ठेवला की लगेच उचलायची.

पुढे धाकटीचाही पेपर जर्नलकडे गेला, एकदाच, आणि अर्जही गेला. त्याच सुमाराला एका सुट्टीच्या दुपारी टक्केसाहेब घरी चहाला आलेले असताना थोरलीच्या मोबाइलवर मेल आली. कुठल्याशा दूरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आपल्या लेखात त्यांच्या पेपरचा उल्लेख केला होता. पहिलाच उल्लेख. थोरलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. पालकांच्या हाती नळी देण्याची पद्धत अमुकअमुक आणि इतर यांनी मांडली आहे, असं वाक्य होतं, आणि अमुकअमुकच्या जागी घरचं आडनाव होतं. धाकटीनं टाळ्या वाजवल्या. "बघा ताई, आलं का तुमचं नाव."

टक्केसाहेबांनी मोबाइल मागून घेतला, वाक्य बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "पण यावरून तुमच्या दोघींतलं पहिलं कोण, हे शंभर टक्के कळत नाही," ते म्हणाले. "आडनाव एकच आहे तुमचं."

एवढी रडारड, अबोला, चोरीचा आळ, आणि हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ज्या आडनावापायी रोज फोन चुकीचा लागत होता, तेच आडनाव.

"बघू," म्हणून सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "हे तर माझंही आडनाव. तुम्ही दोघी या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं."

"मग पहिल्या तुम्हीच, आई," थोरली म्हणाली. "आम्ही दोघी 'आणि इतर'."

ती हसत सुटली. या वेळी घरच्यांना काही धरून चालावं लागलं नाही, कारण तिला खरंच हसू येत होतं.